आजार बरा होणार नाही, मग सेवेचा उपयोग झाला हे कसं ठरवायचं?



मागच्या लेखात कंट्रोल ग्रुप म्हणजे काय ते आपण बघितलं. आज तोच कंट्रोल ग्रुप प्रयोगशाळेतून उचलून एका घरात न्यायचा आहे.

घर असं समजा. आजींना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालाय. रात्री त्या तीन-तीन वेळा उठतात, कडी काढून बाहेर जायला बघतात, सुनेने पैसे चोरले म्हणून आळ घेतात. मुलगा सकाळी कामाला जातो. दिवसभर आजींचं सगळं सून बघते. एक संस्था या घरी दर पंधरा दिवसांनी एक प्रशिक्षित बाई पाठवायला लागते. ती आजार समजावून सांगते, आजी चिडल्या तर काय करायचं ते दाखवते, सुनेचंही ऐकून घेते. सहा महिने जातात. आजींचा आजार होता तिथेच आहे. कदाचित थोडा वाढलाच आहे.

आता सांगा, सेवेचा उपयोग झाला की नाही?

विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो. औषध दिलं, जिवाणू मेले, उपयोग झाला, असं आपलं गणित असतं. इथे मूळ आजार हटणारच नाहीये. तरी सेवा चांगली की वाईट हे ठरवावं लागतं, कारण त्यावर सरकारचा आणि देणगीदारांचा पैसा जाणार की नाही ते अवलंबून असतं. ज्येष्ठ नागरिक, त्यांना सांभाळणारे घरचे लोक किंवा वस्तीतल्या मदतसेवा यांवर तुम्हाला संशोधन करायचं असेल, तर पहिला प्रश्न हाच: नक्की कोणाचं काय मोजायचं?

विषय किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेले लोक १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के. आपल्याकडे ‘लासी’ नावाचा वृद्धत्वाचा मोठा दीर्घकालीन अभ्यास चालतो आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याची प्रमुख भागीदार आहे. त्याच अभ्यासाच्या डिमेन्शियावरच्या भागातून २०२३ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला: साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे.

या ८८ लाखांपैकी बहुतेकांना घरचंच कोणीतरी सांभाळतं. म्हणजे एका रुग्णामागे निदान एक माणूस धरा. त्या दुसऱ्या माणसाची नोंद केसपेपरवर नसते.

त्या माणसावर काय परिणाम होतो? अमेरिकेत शुल्झ आणि बीच यांचा १९९९ मधला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. त्यांनी वयस्कर जोडप्यांतल्या ३९२ काळजी घेणाऱ्या आणि ४२७ काळजी न घेणाऱ्या जोडीदारांचा चार वर्षं मागोवा घेतला. काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका काळजी न घेणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. काळजी घेणाऱ्या सगळ्यांचा हा आकडा नाही, ताण जाणवणाऱ्यांचा आहे, हे विसरू नका. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ताणामुळेच मृत्यू झाले असं त्यातून थेट सिद्ध होत नाही. पण सांभाळणाऱ्या माणसाची तब्येत हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे, एवढं त्याने पक्कं केलं.

गोव्यातला प्रयोग

आता आपल्या शेजारी येऊ. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘१०/६६’ या डिमेन्शिया संशोधन गटाशी हे काम जोडलेलं आहे. नावातच त्या गटाचं दुखणं आहे: गट सुरू झाला तेव्हाच्या हिशोबानुसार डिमेन्शियाचे दोनतृतीयांश म्हणजे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहत होते, आणि लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहूनही कमी संशोधन तिथे होत होतं.

प्रयोगाची रचना बघा. गोव्यातले दोन तालुके. सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेला रुग्ण ज्या घरात आहे अशी ८१ कुटुंबं. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पण शास्त्रशुद्ध पद्धतीने दोन गट केले. ४१ कुटुंबांना सेवा लगेच मिळाली. उरलेल्या ४० कुटुंबांना तीच सेवा सहा महिन्यांनी मिळणार होती. हा झाला कंट्रोल ग्रुप, ज्याला ‘वेटिंग लिस्ट कंट्रोल’ म्हणतात.

सेवा देणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या. स्थानिक भाषा येणाऱ्या, शिकलेल्या साध्या माणसांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्यांच्यावर देखरेखीला एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ. कामं कोणती? आजाराची माहिती देणं, वागणुकीच्या तक्रारी कशा हाताळायच्या ते सांगणं, रोजच्या कामांत सल्ला देणं, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवणं, ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजना सांगणं, आणि अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणं. ज्या देशात मनोविकारतज्ज्ञ मोजकेच आहेत तिथे तज्ज्ञाचं काही काम प्रशिक्षित सामान्य माणसाकडे सोपवायचं, हा यामागचा विचार.

मोजलं काय? पाच गोष्टी. सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य, सांभाळण्याचा भार, रुग्णाच्या वागण्यामुळे सांभाळणाऱ्याला होणारा मनस्ताप, त्या वागणुकीच्या तक्रारींची तीव्रता, आणि रुग्णाची रोजची कामं करण्याची क्षमता. नीट बघा, पाचातल्या पहिल्या तीन गोष्टी सुनेच्या आहेत. शेवटच्या दोन आजींच्या.

निकाल असा आला. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य आणि त्यांचा मनस्ताप, या दोन्हींत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय सुधारणा झाली. भार, वागणुकीच्या तक्रारी आणि रोजची कामं यांत थोडीफार सुधारणा दिसली, पण ती लक्षणीय नव्हती.

म्हणजे संशोधकांनी फक्त आजींचं मोजलं असतं, तर निष्कर्ष निघाला असता: सेवेचा लक्षणीय परिणाम नाही. सेवा तीच, घरं तीच, सहा महिने तेच. सुनेला प्रश्न विचारले म्हणून उपयोग दिसला.

आउटकम निवडणं ही नुसती तांत्रिक पायरी नाही, असं मी म्हणते ते यासाठी. तुम्ही जे मोजायचं ठरवता, त्यातच कोणाचा त्रास मोजला जाणार आणि कोणाचा नाही हे ठरून जातं.

आकडे वाचताना

पेपरमध्ये मानसिक आरोग्याच्या प्रश्नावलीचा फरक असा दिलाय: सरासरी घट १.१२ गुण, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१७ ते २.०७. मनस्तापाच्या बाबतीत घट १.९६ गुण, इंटरव्हल ०.४१ ते ३.५१.

हे कसं वाचायचं? दोन्ही इंटरव्हलमध्ये शून्य येत नाही, म्हणून फरक लक्षणीय. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण इंटरव्हलची दोन टोकंही बघा. ०.१७ म्हणजे जेमतेम फरक, आणि २.०७ म्हणजे बऱ्यापैकी. खरा परिणाम या दोन्हींच्या मध्ये कुठेही असू शकतो. इंटरव्हल रुंद आहे, कारण कुटुंबं कमी आहेत.

दुसरं, गुणांची पट्टी कुठून कुठपर्यंत आहे ते आधी शोधा. ही प्रश्नावली बारा प्रश्नांची आहे, आणि ती गुणांकन पद्धतीनुसार ० ते १२ किंवा ० ते ३६ अशा दोन पट्ट्यांवर मोजली जाते. बारापैकी एक गुण आणि छत्तीसपैकी एक गुण सारखे नाहीत. पद्धतीचा भाग न वाचता थेट निकालाच्या तक्त्यावर उडी मारायची सवय असेल तर ती सोडा.

तिसरं, शेवटपर्यंत कोण उरलं ते बघा. ८१ पैकी ५९ जोड्यांनीच प्रयोग पूर्ण केला. १८ रुग्णांचा मधल्या काळात मृत्यू झाला. ज्येष्ठांवरच्या संशोधनात हे होणारच, आणि नमुन्याचा आकार ठरवताना ते धरूनच चालावं लागतं. तुमच्या आराखड्यात ‘प्रत्येक गटात ३०’ असं लिहिलं असेल, तर सहा महिन्यांनी त्यातले किती हाती राहतील याचा हिशोब आधीच मांडा. गाईड विचारणारच आहेत.

भार लक्षणीयरीत्या का कमी झाला नाही? दोन शक्यता आहेत. एक, कुटुंबं कमी असल्यामुळे खरा फरक असूनही पकडता आला नाही. दोन, भार खरोखरच फारसा हलला नाही: आजींना अंघोळ घालणं, रात्री उठणं, कपडे बदलणं हे कोणी वाटून घेतलं नाही, पण ते करताना येणारी भीती आणि चिडचिड कमी झाली. दुसऱ्या शक्यतेचा अर्थ व्यवहारात मोठा आहे. सल्ल्याने मन हलकं होतं, पण तासांची बचत करायची असेल तर कोणीतरी येऊन ते काम करावं लागतं. या दोन वेगळ्या सेवा आहेत आणि त्यांची मोजपट्टीही वेगळी हवी.

मोजपट्टी उसनी घेताना

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांच्या गटाने डिमेन्शिया झालेल्यांच्या ४०६ जोडीदारांवर असाच दीर्घ प्रयोग केला. सहा समुपदेशन सत्रं, त्यात काही कुटुंबासोबत, मग आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला. २००६ मध्ये निकाल आला: सेवा मिळालेल्या गटात रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ मध्यक हिशोबाने ५५७ दिवस उशिरा आली.

जबरदस्त निकाल आहे. पण हाच आउटकम उचलून सातारा किंवा लातूरच्या अभ्यासात घातला तर? आपल्याकडे डिमेन्शियाच्या रुग्णाला ठेवता येईल अशा निवासी जागा मुळात कमी, आणि त्यांचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. सेवा मिळो ना मिळो, आजी घरीच राहणार. दोन्ही गटांत आकडा जवळपास शून्य, आणि तुमचा निष्कर्ष ‘फरक नाही’. पीएच मीटर उत्तम असला तरी तो वापरण्यापूर्वी कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो, तसंच हे.

प्रश्नावलीचंही तेच. भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८८. इंग्रजीतला ‘बर्डन’ मराठीत ‘ओझं’ केला आणि सुनेला विचारलंत, ‘सासूबाईंचं तुम्हाला ओझं वाटतं का?’ तर काय उत्तर येईल? ‘छे हो, ओझं कसलं, आपलीच माणसं ती.’ त्यात सासरे बाहेरच्या खोलीत बसलेले असतील तर विचारूच नका. तुमच्या शीटवर शून्य पडेल आणि त्या शून्याला काहीच अर्थ नसेल. ‘हे सगळं करताना तुम्हाला जड जातं का?’ हा प्रश्न वेगळं उत्तर आणतो. म्हणूनच नुसतं भाषांतर पुरत नाही. उलट भाषांतर करून ताडून बघावं लागतं, आधी थोड्या लोकांवर चाचणी घ्यावी लागते, आणि मुलाखतीला एकांत मिळेल अशी वेळ ठरवावी लागते. प्रमाणित प्रश्नावलीत परवानगीशिवाय मनाने शब्द बदलायचे नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. ‘काळजीवाहक कोण?’ असं विचारलं की बहुतेक घरांत मुलाचं किंवा नवऱ्याचं नाव पुढे येतं, कारण डॉक्टरकडे तेच नेतात आणि पैसे तेच भरतात. ‘आजींना अंघोळ कोण घालतं? रात्री कोण उठतं?’ असं विचारा. नाव बदलेल.

विरंगुळा केंद्रातला सापळा

एमए किंवा एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी बऱ्याच जणांना विरंगुळा केंद्र, ज्येष्ठ नागरिक संघ सोयीचे वाटतात. जागा ठरलेली, माणसं एकत्र भेटतात, बोलायला उत्सुक असतात. प्रश्नावली भरून घेतली की निष्कर्ष तयार: केंद्रात येणारे ज्येष्ठ न येणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आणि निरोगी आहेत, म्हणून केंद्राचा उपयोग होतो.

थांबा. केंद्रात येतो कोण? ज्याला जिना उतरता येतो, रस्ता ओलांडता येतो, ज्याच्यावर घरी कोणाला सांभाळायची जबाबदारी नाही. म्हणजे निरोगी आहेत म्हणून येतात. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या आजी, दोघंही तुमच्या नमुन्यात नाहीत. सेवेची गरज मात्र त्यांनाच सगळ्यात जास्त.

उलट दिशेचाही सापळा आहे. लोक मदत मागायला येतात ते परिस्थिती अगदी टोकाला गेल्यावर. अशा वेळी मोजलेला ताण काही महिन्यांनी थोडा उतरतोच, सेवा असो वा नसो. आधी आणि नंतर एवढंच मोजलं तर ही घट तुम्ही सेवेच्या खात्यात जमा कराल. गोव्यात थांबलेला गट होता, म्हणून हे श्रेय कोणाचं ते वेगळं काढता आलं.

आणि ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ नव्हे. रुग्णाला थोडे तास किंवा थोडे दिवस दुसऱ्याने सांभाळायचं आणि घरच्यांना विसावा द्यायचा, अशा सेवेवर २०१४ मध्ये कॉक्रेनने आढावा घेतला. निकषांत बसणारे प्रयोग सापडले चार, सहभागी ७५३. ठोस फायदा दिसला नाही. पण दर्जेदार संशोधनच कमी आहे म्हणून असं दिसत असावं, अशी शक्यता आढावा घेणाऱ्यांनीच मांडली. हे वाक्य वगळून ‘विसावा सेवा निरुपयोगी’ असं लिहिलं तर एखाद्या संस्थेचं अनुदान जाऊ शकतं.

ज्यांना थांबायला लावलं, त्यांचं काय?

हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. ४० कुटुंबांना सहा महिने थांबवणं योग्य होतं का?

माझं मत सांगते. सेवा उपयोगी आहे हे आधीच पक्कं माहीत असतं, तर अयोग्य. तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि थांबलेल्यांनाही सेवा मिळणार होती. मुळात ती सेवा प्रयोगाबाहेर कोणालाच सहज उपलब्ध नव्हती. तरीही त्या सहा महिन्यांत कोणाची अवस्था बिकट झाली तर काय करायचं, हे नैतिकता समितीपुढे आधीच लिहून द्यावं लागतं.

तुमचा अभ्यास नुसत्या सर्वेक्षणाचा असला तरी हे लागू आहे. मुलाखतीत एखादी बाई म्हणाली, ‘कधीकधी वाटतं, मीच राहू नये,’ तर पुढचा प्रश्न वाचायचा नसतो. पेन खाली ठेवायचं, तिचं ऐकायचं, आणि कुठे पाठवायचं ते आधीच ठरलेलं असायला हवं: जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग, तुमच्या गाईडचा नंबर, मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन. ज्येष्ठांच्या बाकी अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन. हे नंबर छापलेला कागद प्रत्येक घरी देऊन या. आणि संमती घेताना आजींनाही विचारायचं. त्यांना सगळं समजणार नाही, घरच्यांची संमती लागेल, पण त्यांनी नको म्हटलं तर त्या ‘नको’लाही किंमत आहे.

आराखडा लिहायला बसण्यापूर्वी

एका कोऱ्या कागदावर चार वाक्यं लिहा.

एक: या सेवेने कोणाच्या आयुष्यात काय बदलावं अशी माझी अपेक्षा आहे?
दोन: तो बदल मी कशाने मोजणार, आणि ती मोजपट्टी माझ्या लोकांच्या भाषेत चालते का?
तीन: सेवा नसती तर काय झालं असतं, हे मला कुठून कळणार?
चार: माझ्या नमुन्यात कोण येऊच शकत नाही?

चौथ्या वाक्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. उत्तर बहुतेक वेळा घरातच असतं: भर दुपारी तुम्ही दार वाजवलंत, आणि ‘आत्ता नको, सासूबाईंना भरवतेय’ म्हणून जिने दार लावून घेतलं ती. तुमच्या वहीत तिच्या नावापुढे ‘नकार’ असं लिहू नका. ‘पुन्हा जायचं, वेळ विचारून’ असं लिहा.

पुढच्या लेखात नमुन्याचा आकार कसा काढायचा ते एक उदाहरण सोडवून बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.